बारा ठोके

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये, आमच्या क्वार्टरची आणि ढोल्यांच्या क्वार्टरची भिंत एकच होती. त्यांच्याकडे मिरचीची फोडणी पडली की ठसका आमच्याकडे लागायचा. बाबाराव ढोले पहिल्या पाळीला निघाले की त्यांच्या सायकलची चेन खडखडायची, कलावतीबाई नळाखाली भांडी घासता घासता शेजारणीशी बोलायच्या, सगळं ऐकू यायचं. त्यांच्या मुलीचा आवाज तेवढा कधी यायचा नाही.

कमलिनी अकरा वर्षांची होती आणि बोलताना अडखळायची. पहिलं अक्षर तोंडात धरून उभी राहायची. मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे, आणि ऐकणारा माणूस कंटाळून तिचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचा. एकदा आईने तिला कापूर आणायला पाठवलं. दुकानदाराने तिचा 'क' ऐकून विचारलं, "काडेपेटी?" तिने सुटल्यासारखी मान हलवली. त्या दिवशी ढोल्यांकडची आरती कापराशिवाय झाली. सगळ्यांत अवघड तिला स्वतःचं नाव जायचं. शाळेत हजेरीच्या वेळी ती नुसता हात वर करायची.

मी काही मास्तर नव्हतो. वीस वर्षं टाइम ऑफिसात कामगारांच्या पाळ्यांचे तक्ते लावले आणि अठ्ठ्याहत्तर साली रिटायर झालो. क्वार्टर मुलाच्या नावावर झालं. दुपारी व्हरांड्यात बसलो की आजूबाजूची पोरं पाढे आणि इंग्रजीची स्पेलिंगं घेऊन यायची. मोठी माणसं मला गुरुजी म्हणू लागली, पोरं आबाजी. शिकवताना मला कधी घाई वाटली नाही. एक गोष्ट दहा वेळा सांगायची तर दहाही वेळा मला ती नवीच वाटायची. लोक या धीराचं कौतुक करायचे आणि मलाही त्याचा अभिमान होता. तो अभिमान किती होता ते मला पुढे कळलं.

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात बाबाराव आणि मी सिविक सेंटरच्या बाजारात गेलो होतो. त्यांचं घड्याळ दुरुस्तीला दिलेलं होतं. दुकानदाराने ते काउंटरवर ठेवलं. बाबारावांनी उचलून डाव्या कानाला लावलं.

"ये तो अभी भी बंद है," ते म्हणाले.

"चल रही है, भाईसाहब. काँटा तो देखिए," दुकानदार हसला.

बाबारावांनी घड्याळ उजव्या कानाला लावलं, थोडा वेळ ऐकलं आणि मनगटाला बांधलं. बाहेर येऊन सायकलींची कुलपं काढताना म्हणाले, "गुरुजी, तुम्ही पाहिलं ना? घरी सांगू नका जी."

"कधीपासून आहे हे?"

"डावा गेला त्याले दीड वर्ष झालं. उजवाबी चालला. नागपूरच्या डॉक्टरले दाखवलं. आमच्या घराण्यातच आहे थे. माह्या आजीचे गेले, बापाचे गेले. चाळिशी झाली का कान जातात. डॉक्टर म्हणते वर्षभर टिकन, कमीबी टिकन, सांगता येत नाही."

"आणि कामावर?"

बाबाराव कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये क्रेनखाली उभं राहून वरच्या चालकाला हाताने इशारे देत. ते हसले. "आमच्या शेडमधी कान कोणाले लागते? बोट फिरवलं का उचल, पंजा दाखवला का थांब. माह्यी पोरगीबी घरी तसेच इशारे करते. पाणी पाहिजे, भूक लागली, सारं हातानं. आमचं काही अडत नाही." मग हँडल धरून त्यांनी सायकल वळवली. "पण मले तिचं एक वाक्य ऐकाचं आहे, गुरुजी. पुरं. मधात न अटकता. एकच. मंग गेले कान तं गेले."

"तिला सांगितलंय का?"

"नाही, नाही. तिले सांगितलं तं घाबरन, अन् घाबरली का आणखी अटकते. तुम्ही शिकवा. तुमच्यापाशी धीर आहे."

मी हो म्हणालो. 'वर्षभर टिकन' हे मी ऐकलं. 'कमीबी टिकन' हेही त्याच वाक्यात होतं, पण ते मी मनावर घेतलं नाही.

पहिला महिना वाया गेला. मी तिला मराठी धडे वाचायला दिले, हळू बोल म्हणालो, श्वास घे म्हणालो. जितकं सांगावं तितकी ती जास्त अडकायची. तिच्या लेखी प्रत्येक मराठी शब्दावर कोणी ना कोणी आधी हसून गेलेलं होतं. हिंदी शब्दांचंही तेच. तिच्याच वर्गातला अरुणकुमार व्हरांड्याच्या पायरीवर गणितं करता करता म्हणायचा, "आबाजी, हिचं वाक्य होईपर्यंत माह्यी मॅट्रिक होऊन जाईन." मी त्याचा कान पिळायचो, पण तोवर ती उठून गेलेली असायची.

एक गोष्ट मात्र मला ठाऊक होती. गाताना ती अडखळत नसे. आमच्या विदर्भाकडच्या मुली भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी एकीच्या घरी जमतात. मातीच्या भुलाबाईपुढे गाणी म्हणतात, आणि शेवटी त्या घरची मुलगी झाकलेला डबा खुळखुळवून विचारते, सांगा आत काय आहे? ओळखलं की खिरापत वाटायची. भिलाईतही आम्ही हे सोडलेलं नव्हतं. गाण्यांत कमलिनीचा आवाज सगळ्यांच्या वर असे. पण मागच्या वर्षी तिच्या घरची पाळी आली तेव्हा ती डबा हातात धरून उभीच राहिली. शेवटी कलावतीबाईंनीच विचारून टाकलं आणि मुली एकमेकींना कोपराने ढोसत हसल्या.

मी बाबारावांना म्हणालो, "गाणं तर छान म्हणते की. ऐकत जा."

"गाणं तिचं नाही ना जी," ते म्हणाले. "गाणं कोणाचंबी असते. मले तिचं बोलणं पाहिजे."

माझ्या फौजी ट्रंकेत एक जुनी वही होती. लढाईत मी पलटणीत कारकून होतो. चव्वेचाळीस साली इटलीत पाय मोडला आणि चार महिने एका गावातल्या शाळेत पडून राहिलो. तिचं इस्पितळ केलेलं होतं. त्या शाळेच्या बाई, साठीच्या अस्सुंताबाई, रोज दुपारी आपला वर्ग बघायला यायच्या. वर्गात मुलं नव्हती, आम्ही होतो. दोनतीन दिवस नुसत्या बघून गेल्या, आणि मग माझ्या खाटेशी स्टूल ओढून मला आपली इटालियन भाषा शिकवू लागल्या. क्रियापदांची रूपं अक्षर-अक्षर तोडून वहीत लिहायच्या आणि खाटेच्या लोखंडी दांड्यावर ठोके देत म्हणायच्या. साध्या अक्षराला बोट, जोराच्या अक्षराला मुठीचं हाड. मी भारतात परतलो. छत्तीस वर्षं ती भाषा मी कोणाशी बोललो नाही. कारखाना रशियाच्या मदतीने उभा राहिलेला, त्यामुळे भिलाईत रशियन बोलणारे पुष्कळ भेटायचे. इटालियन कोणाला हवी होती?

एका दुपारी वहीला कसर लागलेली दिसली म्हणून ती उन्हात धरून मी पानं उलटत होतो. कमलिनी शेजारी बसली होती. सहज ट्रंकेच्या झाकणावर ठोके देत मी वाचलं, "पार-लो. पार-ली. पार-ला. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो. पहिल्या अक्षरावर जोर."

तिने झाकणावर स्वतःचं बोट ठेवलं. "पार-लो," ती म्हणाली. "पार-ली. पार-ला."

'प' हे तिच्या अवघड अक्षरांपैकी होतं. मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती लाजली असती. मी फक्त पान उलटलं.

"आता पुढे ऐक. पार-ल्या-मो, आम्ही बोलतो. पार-ला-ते, तुम्ही बोलता. इथे जोर मधल्या अक्षरावर आला. आणि पार-ला-नो, ते बोलतात. जोर पुन्हा पहिल्यावर."

तिने हात पुढे सरकवून मागे घेतला आणि भुवया उंचावल्या. म्हणजे, असं का?

"जोर म्हणजे इंजिन समज," मी म्हणालो. "मी, तू, तो म्हणताना शेवटचा डबा रिकामा असतो, म्हणून इंजिन पुढेच. आम्ही आणि तुम्ही म्हणताना मागे वजनदार डबा जोडतात. इंजिनाला त्याच्यापाशी जावं लागतं. 'ते'चा डबा पुन्हा रिकामा. इंजिन परत आपल्या जागी."

मग मी तिला 'ते फोन करतात' शिकवलं. ते-ले-फो-ना-नो. इंजिन 'ले'वर, आणि मागे तीन-तीन रिकामे डबे घरंगळत येतात. तिने ते म्हटलं, पुन्हा म्हटलं, आणि मोठ्याने हसली. भिंतीपलीकडून कलावतीबाई ओरडल्या, "काय झालं वं? कोण हसून राहिलं?" त्यांना आपल्या मुलीचं हसू ओळखू आलं नव्हतं.

त्या दिवसापासून रोज दुपारी आमचा तास सुरू झाला. शब्द कुठे तोडायचा ते आधी शिकलो. अ-स्कोल-तो, मी ऐकतो. यातले 'स' आणि 'क' वेगळे करायचे नाहीत, दोघं हात धरून पुढच्या घरात जातात, आपल्या जोडाक्षरासारखे. अ-स्पेत-तो, मी वाट पाहतो. इथला दुहेरी 'त' मात्र मधोमध तुटतो, अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे. ती सगळं देवनागरीत पाटीवर लिहायची, जोराच्या अक्षराखाली रेघ मारायची आणि मग झाकणावर वाजवत म्हणायची. या शब्दांवर कोणी कधी हसलेलं नव्हतं. अरुणकुमारने एकदा विचारलं, "आबाजी, हे काय शिकवून राहिले तिले? मलेबी शिकवा ना." त्याने म्हणून पाहिलं तर प्रत्येक शब्दाच्या भलत्याच अक्षरावर जोर दिला. कमलिनीने त्याच्या बोटाला धरून बरोबर जागी ठोका दिला. "इथं," ती म्हणाली. एकच शब्द, पण मराठी, आणि सरळ.

पोळा झाला तोवर तिला चाळीस क्रियापदं येत होती. मग मी ठोके तेच ठेवले आणि शब्द आपले घातले. आधी दोन अक्षरं, मग तीन. शेवटी तिला म्हणालो, "आता तुझं एक वाक्य तू कर."

तिने पाटीवर लिहिलं, 'बाबा, मी कमलिनी बोलून राहिली.'

"हेच का?"

तिने खाली लिहिलं, 'सारे माह्यं वाक्य पुरं करतात. बाबा करत नाही. थांबतात.'

आम्ही ते तोडलं. बा-बा. मी. क-म-लि-नी. बो-लून. रा-हि-ली. बारा ठोके. पाच जोराचे, सात साधे. रोज पन्नास वेळा ती ते ट्रंकेवर वाजवायची, आधी नुसतं, मग तोंडाने.

भाद्रपदात मुली माझ्याकडे कागद घेऊन आल्या. भुलाबाईच्या पाळ्यांचा तक्ता दर वर्षी मीच लावायचो. टाइम ऑफिसची सवय. प्रत्येकीच्या वडिलांची पाळी बघून मी दिवस द्यायचो. कमलिनीला घटस्थापनेचा दिवस आला. त्या आठवड्यात बाबाराव पहिल्या पाळीला होते, म्हणजे संध्याकाळी घरी. आम्ही ठरवलं, त्या दिवशी गाणी झाली की ती आधी आपलं वाक्य म्हणेल आणि मग डबा खुळखुळवून विचारेल. बाबारावांना मी काहीच सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. भिंतीशी भेटले की फक्त भुवया उंचावून विचारायचे आणि मी पंजा दाखवायचो, थांबा.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ती ट्रंकेपाशी बसली आणि डोळे उघडे ठेवून तिने वाक्य म्हटलं. अकरा ठोके स्वच्छ पडले. 'क'वर सायकलची चेन दात्यावरून घसरावी तसं काहीतरी झालं, अगदी क्षणभर, आणि पुढे सगळं सरळ गेलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. बोट झाकणावर होतंच. "उद्या म्हणू, आबाजी?"

हे वाक्य आम्ही बसवलेलं नव्हतं. ते तिने आपणहून, न अडखळता म्हटलं होतं. माझ्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही. मी 'क'चाच विचार करत होतो.

"अजून थोडं," मी म्हणालो. "'क' घसरतो."

"बाबाले चालन."

"मला नाही चालत."

मी तक्ता काढला आणि तिचं नाव खोडलं. त्या जागी अरुणकुमारच्या बहिणीचं, विजयाचं नाव घातलं आणि विजयाचा दिवस कमलिनीला दिला. कोजागिरीचा आदला दिवस. त्या दिवशी बाबारावांची आठवड्याची सुट्टीच होती. मला वाटलं, हे तर अधिकच चांगलं.

ती उठली नाही. म्हणाली, "मंग आज घरीच म्हणू? फक्त बाबाले?"

"नको. त्यांच्यापुढे एकदा अडकलीस तर पुन्हा भीती बसेल. पिकू दे."

तिने मान हलवली. शिकवलेलं ऐकणारी मुलगी होती.

नवरात्रात बाबारावांना सर्दीताप झाला. मी दोनदा जाऊन आलो. ते खाटेवर पडून होते, माझ्याकडे बघून हसायचे, मान हलवायचे. तापात माणूस कमी बोलतोच. दसऱ्याला सोनं द्यायला गेलो तेव्हा उठून बसले होते. मी म्हणालो, "चार दिवस राहिले बरं का." ते म्हणाले, "हो जी, तुमालेबी." दसऱ्याच्या शुभेच्छांना उत्तर दिलं असेल, असं मला वाटलं.

तो दिवस आला. संध्याकाळी पाच वाजता ढोल्यांच्या पुढच्या खोलीत चौदा मुली दाटीवाटीने बसल्या. भुलाबाईला कलावतीबाईंनी नव्या चिंध्यांचं लुगडं नेसवलं होतं. बाबाराव खाटेवर, इस्त्रीचा शर्ट घालून. मी त्यांच्या शेजारी. गाणी झाली. मुलींचं सगळं लक्ष आतल्या डब्याकडे होतं.

"आता ही उभी राहीन अन् काकू विचारतीन," एक मुलगी दुसरीच्या कानात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

कमलिनी डबा घेऊन बाहेर आली. डबा काखेत धरला. मोकळ्या हाताचं बोट तिने डब्याच्या झाकणावर टेकवलं आणि बापाकडे बघून म्हणाली, "बाबा, मी कमलिनी बोलून राहिली."

'क' घसरला नाही. काहीच घसरलं नाही. तिने डबा खुळखुळवला. "सांगा बरं, आत काय आहे?"

मुली डब्याऐवजी तिच्याकडे बघू लागल्या. कलावतीबाईंनी दाराच्या चौकटीला धरून तोंडात पदर कोंबला. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवल्या. मी बाबारावांकडे वळलो.

ते मुलीकडे बघून हसत होते. टाळ्या वाजताहेत हे त्यांनी पाहिलं, आणि मग त्यांनीही वाजवल्या. सगळ्यांच्या मागून, थोड्या उशिरा.

"ऐकलंत?" मी हळूच विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी पुन्हा, मोठ्याने विचारलं. मुलींच्या टाळ्या थांबल्या होत्या तरी त्यांची मान वळली नाही. माझा हात त्यांच्या गुडघ्याला लागला तेव्हा ते दचकले आणि म्हणाले, "छान जी. छानच झाली गाणी."

कमलिनी समोरच उभी होती. तिने ते ऐकलं. ती डबा घेऊन त्यांच्यापाशी आली आणि त्यांच्या हातात दिला. मुलींनी ओरडायला सुरुवात केली, "काका, तुम्ही वळखा, तुम्ही वळखा!" बाबारावांनी रीतीप्रमाणे डबा कानाशी नेऊन हलवला. मग खाली आणून त्याच्या बुडाखाली पंजा धरला आणि पुन्हा हलवला. बोटांनी अंदाज घेत म्हणाले, "फुटाणे."

फुटाणेच होते. मुली हसल्या, पण कमलिनी हसली नाही. बापाचा पंजा डब्याखाली कसा धरला होता ते तिने पाहिलं होतं. तिने डबा घेऊन खाली ठेवला. खाटेच्या कडेशी बसली, त्यांचा हात उलटा करून आपल्या मांडीवर घेतला आणि तळहातावर ठोके देऊ लागली. साध्या अक्षराला बोट, जोराच्या अक्षराला मुठीचं हाड. तोंडानेही म्हणत होती. बा-बा. मी. क-म-लि-नी. बो-लून. रा-हि-ली.

बाबाराव तिच्या ओठांकडे पाहत होते आणि हातावर मोजत होते. संपल्यावर म्हणाले, "बारा."

तिने मान हलवली.

"मधात कुठी थांबली नाही," ते म्हणाले. आवाज फार मोठा लागला होता. आपला आवाज केवढा आहे ते त्यांना कळत नव्हतं. "एकबी ठोका चुकला नाही. पाहा वं, कलावती, पोरगी मधात थांबलीच नाही." आणि त्यांनी बोट वर करून हवेत गोल फिरवलं. उचल. अजून.

तिने पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. मुलींनी कंटाळून स्वतःच डबा उघडला आणि फुटाणे वाटून घेतले, तरी त्या दोघांचं चालूच होतं.

मी तिची पाटी घेतली आणि लिहिलं, 'कधीपासून?' ती त्यांच्यापुढे धरली.

"तिसऱ्या माळेले," ते म्हणाले. "सकाळी उठलो तं भोंगा वाजलाच नाही. मले वाटलं कारखाना बंद पडला का काय. मंग कलावतीचे ओठ हालतांना दिसले." ते हसले. "कोणाले सांगितलं नाही जी. पोरीची पाळी येऊन राहिली होती. म्हटलं, कान नसन तं डोळे आहेत. बोलतांना तं दिसन."

पहिली माळ घटस्थापनेला असते. मी तक्ते लावणारा माणूस. मला बोटं मोजावी लागली नाहीत.

मी पाटी पालथी खाली ठेवली. कमलिनीने ती उचलली. पाटीवरचं 'कधीपासून' तिने फ्रॉकच्या कोपऱ्याने पुसून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीच्या वेळी येऊन ट्रंकेपाशी बसली. मी वही काढली. कुठल्या पानावर होतो ते मला आठवेना. तिनेच उघडून दिलं.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. कमलिनी हजेरीला नाव सांगते. दुकानात कापूर मागते आणि कापूरच आणते. अधूनमधून अडखळते, पण बोट मांडीवर टेकलं की पुढे जाते. बाबाराव कामावरून आले, हातपाय धुऊन खाटेवर बसले की ती त्यांचा पंजा मांडीवर घेते आणि दिवसभराचं सांगते. ठोके तळहातावर देते आणि वाक्यं तोंडाने बोलते. अरुणकुमारने एकदा विचारलं, "त्याईले ऐकू येत नाही तं तोंडानं कावून बोलते?" ती म्हणाली, "माह्या बाबाच्या वाट्याचं बोलणं आहे ते. मी कशी ठेवून घेऊ?"

भिंत अजून एकच आहे. संध्याकाळी मी माझ्या खाटेवर पडलेला असतो. पलीकडून तिची वाक्यं येतात. लांब, सरळ, कुठे न थांबता. शाळेतल्या बाईंची नक्कल, मैत्रिणींची भांडणं, उद्याची वेणी. त्यांतलं एकही बाबारावांच्या कानांपर्यंत पोचत नाही. मला मात्र ती सगळी ऐकू येतात.